परदेशातून खान्देशात परत येताय? मग हे प्रश्न तुम्हालाही पडणारच

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतले बरेच जण परत यायला लागलेत, कोणाचं दुबई-मस्कतचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, कोणी अमेरिकेत ग्रीन कार्डच्या रांगेत कंटाळलं, कोणाचे आईवडील थकले. आणि निघायच्या आधी सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाचे सगळे एका जागी लिहून टाकतोय. क्रम वगैरे काही नाही, जसे आठवले तसे. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, ती पुढे प्रत्येक उत्तरात डोकावेल: पहिलं वर्षभर मोठं काही करू नका. बंगला नको, धंदा नको, जमीन नको, भागीदारी तर नकोच नको.

माणूस किती दिवसांत रुळतो?

पहिले दोनतीन महिने सुट्टीवर आल्यासारखेच जातात. रोज कोणाकडे तरी जेवण, आज शेवभाजी, उद्या वरण-बट्टी, परवा मामाकडे मांडे. खरी परीक्षा त्यानंतर, जेव्हा लोकांना तुमचं अप्रूप राहत नाही आणि तुम्हाला लोकांचं. तिकडे गेलो तेव्हा पहिलं वर्ष जड जाईल हे आपण धरूनच चाललो होतो, इकडे येताना कोणीच तसं धरत नाही कारण आपलंच गाव, त्यात काय शिकायचं. पण बरोबरीचे मित्र पुण्या-नाशिकला निघून गेलेत, जे गावात राहिले त्यांचे कट्टे तुमच्याशिवाय जमलेत, भाऊ आता घरातला कर्ता झालाय, आणि तुम्ही पण काही तेच राहिलेला नाहीत. साधारण एक ते दीड वर्ष धरा. त्यात मधे एक महिना असा येतोच की रात्री बसून तिकडच्या नोकऱ्या शोधल्या जातात. तो सगळ्यांना येतो, त्यावरून लगेच काही ठरवू नका.

जो भेटतो तो विचारतो, पॅकेज किती होतं, परत का आला, तिकडून काढलं का. काय सांगायचं?

कोपऱ्यावरचा म्हातारा "कवय उना भो?" (कधी आलास भाऊ?) म्हणून थांबवेल आणि पुढच्या मिनिटाला पगार विचारेल. त्यात वाईट हेतू नसतो, आपल्याकडे पगार विचारणं म्हणजे तब्येत विचारल्यासारखंच आहे. आकडा सांगू नका, तो संध्याकाळपर्यंत गावात दुप्पट होऊन फिरतो. "आबांची तब्येत, म्हणून आलो" एवढं उत्तर सगळ्यांना पटतं आणि पुढचा प्रश्न आबांकडे वळतो. नोकरी गेली म्हणून आला असाल तरी लाजायचं कारण नाही, फक्त ते घरच्यांना तुमच्या तोंडून आधी कळू द्या, गावाकडून नको.

कुठल्या महिन्यात यावं?

बहुतेक जण मुलांच्या शाळेसाठी मे महिन्यात उतरतात आणि तिथेच चुकतं. मे मधे भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, त्यात लाइट गेली की संपलं. ज्या पोरांनी जन्मात कधी घामोळं पाहिलं नाही ती पहिल्याच आठवड्यात "बॅक होम" कधी जायचं विचारतात. दुबईवाले म्हणतात आम्हाला उन्हाची सवय आहे. भाऊ, तुम्हाला एसीची सवय आहे.

जमलं तर नोव्हेंबर-डिसेंबर. थंडी मस्त असते, कधीकधी पारा १० च्या खाली जातो, आणि भरिताचा सीझन असतो. हे मुलांना आधी दाखवा. शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यावर बामणोदची हिरवी लांब वांगी टाकायची, साल काळीठिक्कर होऊन तडकली की काढायची, गरम असतानाच सोलायची, बोटं भाजतात म्हणून प्रत्येकजण फुंकत फुंकत सोलतो, मग लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर मुसळाने ठेचायची, वरून तेलात तळलेले शेंगदाणे, कांद्याची पात, आणि पुरी नाहीतर कळण्याची भाकरी. जे पोरगं तिकडे वांग्याला हात लावत नव्हतं ते इथे बडगीभोवती फिरतं. गावाशी पहिली ओळख अशी झाली की पुढचा उन्हाळा निभतो.

शाळेचं म्हणाल तर सीबीएसईचं वर्ष बहुतेक ठिकाणी एप्रिलला सुरू होतं, स्टेट बोर्डाचं जूनमधे. डिसेंबरात येऊन मधले महिने मुलांना मराठी-हिंदी शिकवण्यात घातले तर वाया जात नाहीत.

बँकेची एनआरई, एनआरओ खाती (बाहेर राहणाऱ्या भारतीयांची खाती) तशीच चालू ठेवली तर चालतं का? गावात कोणालाच काही कळत नाही.

चालत नाही. कायमचे परत आलात की फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या हिशोबाने तुम्ही रहिवासी झालात, त्यासाठी १८२ दिवस पूर्ण व्हायची वाट बघायची नसते, राहायच्या इराद्याने आलात एवढं पुरतं. बँकेला कळवायचं, एनआरई खातं साध्या रहिवासी खात्यात बदलून घ्यायचं किंवा पैसे आरएफसी (रहिवाशाचं परकीय चलनातलं) खात्यात टाकायचे. आरएफसीचा फायदा असा की पैसा डॉलर-पाउंडातच राहतो, उद्या परत जायची वेळ आली तर उपयोगी पडतो. एफसीएनआर ठेव (परकीय चलनातली एनआरआय मुदत ठेव) असेल तर ती मुदत संपेपर्यंत तशीच ठेवता येते. एनआरओ पण साध्या खात्यात बदलतं. तालुक्याच्या शाखेत आरएफसी म्हटलं की साहेब तुमच्याकडेच बघत बसतात, म्हणून हे काम जळगाव-धुळ्याच्या नाहीतर मुंबई-पुण्याच्या मोठ्या शाखेतून करून घ्या, आणि अर्जाच्या कॉपीवर शिक्का मारून घ्यायला विसरू नका.

तिकडचं घर, शेअर, बँकखातं मात्र विकून टाकायची सक्ती नाही. बाहेर राहत असताना कमावलेली मालमत्ता परत आल्यावरही बाळगता येते.

आणि टॅक्स? तिकडच्या भाड्यावर, व्याजावर इथे टॅक्स लागेल का?

लगेच नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. इन्कम टॅक्समधे निवासी आणि अनिवासीच्या मधे एक पायरी आहे, आरएनओआर म्हणतात तिला. मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतातले तुमचे एकूण दिवस ७२९ किंवा त्याहून कमी असतील, तर तुम्ही त्या पायरीवर. तिथे असेपर्यंत तिकडच्या पैशावर इथे टॅक्स नाही, धंदा इथून चालवत असाल तर गोष्ट वेगळी. बराच काळ बाहेर राहिलेल्या माणसाला ही सवलत साधारण दोन ते तीन वर्षं मिळते. तिकडचं घर किंवा शेअर विकायचे असतील तर याच काळात विका.

ती पायरी संपली की मात्र जगभरची कमाई इथे दाखवायची आणि रिटर्नमधे परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता भरायचा. तो न भरल्यास १० लाखांचा दंड होऊ शकतो. गावातल्या ज्या सीएने आयुष्यभर केळीच्या आडत्यांची आणि सराफांची पुस्तकं बघितली त्याला हा तक्ता माहीत असेलच असं नाही, त्यात त्याचा दोष नाही, पण तुम्ही विचारून घ्या. परत यायची तारीख ठरवायच्या आधी विचाराल तर जास्त चांगलं, कारण १८२ दिवसांचा नियम सगळ्यांना पाठ असतो पण दुसरा असतो की वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले तरी निवासी धरतात, त्यामुळे नुसतं "ऑक्टोबरनंतर उतरलो की सुटलो" एवढ्यावर जाऊ नका.

आल्या आल्या बंगला बांधायचाय, प्लॉट आहे.

माहितीये. सगळ्यांनाच बांधायचाय. वर्षभर भाड्याने राहा आणि मग ठरवा. वर्षभरात कळतं की त्या कॉलनीत पाणी किती दिवसांनी येतं, दिवसाआड की चार दिवसांनी, उन्हाळ्यात बोअरला पाणी टिकतं का, पावसात रस्ता राहतो का चिखल, आणि मुळात तुम्हाला त्याच गावात राहायचंय की मुलांच्या क्लाससाठी शेवटी नाशिक गाठायचंय. तिकडून मनात घेऊन आलेलं डिझाइन, मोठ्या काचा, ओपन किचन, पश्चिमेला बाल्कनी, खान्देशच्या उन्हात असं घर म्हणजे भट्टी. जुन्या धाब्याच्या घरात बाहेर आग असताना आत गार वाटायचं त्याला कारण मातीचं जाड छप्पर आणि लहान खिडक्या. त्या काळच्या गवंड्याने कुठली डिग्री घेतली नव्हती.

वडिलांची शेती आहे, माझं नाव सातबाऱ्यावर नाही. काय करू?

वडील हयात असतील तर ते आणि भाऊ-बहिणी यांच्याशी बसून बोला, कागद नंतर. वडील गेले असतील आणि वारस नोंद राहिली असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार, मग नाव. सातबारा ऑनलाइन दिसतो, आधी तो उघडून बघा की आज परिस्थिती काय आहे, कारण तुम्ही बाहेर असताना कधी बोजा चढलेला असतो, कधी वाटणी होऊन गेलेली असते, आणि बहिणींचं नाव सोडून दिलेलं असतं, जे आता चालत नाही, मुलींचा हक्क बरोबरीचा आहे.

परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन वारसाने मिळू शकते पण विकत घेता येत नाही. परत आल्यावर भारतीय नागरिक म्हणून घेता येते, पण महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं, म्हणजे सातबाऱ्यावर कुठेतरी नाव पाहिजे. म्हणून वारस नोंद आळसाने ठेवू नका. अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्डावर (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं कार्ड) आला असाल तर शेतजमीन विकत घेता येणारच नाही, कोणी "ॲडजस्ट करू" म्हटलं तरी हो म्हणू नका.

स्वतः शेती करायची असेल तर सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) साल अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला सुरू होतं हे लक्षात ठेवा. दिवाळीत येऊन माणूस शोधायला लागलात तर चांगला माणूस मिळत नाही, ते आधीच बांधलेले असतात. आणि पहिल्याच वर्षी केळी लावू नका. ठिबक, रोपं, खत, मजुरी, पैसा ओतत राहावा लागतो, पीक यायला जवळपास वर्ष लागतं, आणि मे-जूनचं एक वादळ रावेर-यावलच्या उभ्या बागा एका तासात झोपवून जातं. एक वर्ष भावाच्या मागे बांधावर फिरा.

नातेवाईक पैसे मागतात. नाही कसं म्हणायचं?

अवघड आहे, खोटं कशाला बोला. तिकडे असताना तुम्ही पाठवत होतात, आता पगार थांबलाय हे त्यांना दिसत नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर तो डॉलरचाच माणूस आहे. एक उपाय बऱ्याच घरांत चालतो: सगळा पैसा एफडीत अडकलाय म्हणायचं, आणि खरंच अडकवून ठेवायचा. दवाखाना आणि पोरांची फी यासाठी जेवढं जमेल तेवढं द्या आणि परत यायची आशा ठेवू नका. धंद्यासाठी मागितले तर नाही. स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊन नातेवाइकाला उसने देणारे पण पाहिलेत, पैसे तर जातातच, लग्नकार्यातलं बोलावणं पण जातं.

मुलांना मराठी बोलता येत नाही. शाळेत कसं होईल?

मुलं तुमच्यापेक्षा लवकर शिकतात, तिसरी-चौथीपर्यंतच्या पोरांची काळजीच करू नका, गल्लीत क्रिकेट खेळून चार महिन्यांत "आऊट शे" म्हणायला लागतात. आठवीनंतरच्यांचं कठीण असतं. २०२० च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, त्यामुळे इंग्लिश मीडियम घेतलं तरी मराठी सुटत नाही. बाहेरून आलेल्या मुलासाठी काही सवलत आहे का ते ॲडमिशनच्या वेळीच शाळेला लेखी विचारा.

पण मुलांचं खरं दुखणं भाषा नसते. वर्गात पन्नास-साठ पोरं, सर ओरडतात, टॉयलेट, ॲक्सेंटवरून चिडवणं. मुलगा गप्प झाला तर "होईल सवय" म्हणून सोडून देऊ नका, शाळेत जाऊन बोला. आणि घरी पाहुणे आले की त्याला "इंग्लिशमधे बोलून दाखव ना" म्हणून उभं करू नका, प्लीज. त्या पोराला तेवढंच एक नको असतं.

मुलगी अमेरिकेत जन्मलेली, तिचा पासपोर्ट तिकडचा. काय काळजी घ्यायची?

निघायच्या आधी ओसीआय कार्ड काढून घ्या. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा समजा, मतदान नाही, शेतजमीन नाही, बाकी राहणं-शिकणं सगळं चालतं. मेडिकलला घालायचं स्वप्न असेल तर मात्र लक्ष देऊन वाचा: ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ज्यांना ओसीआय मिळालं त्यांना नीट परीक्षेच्या ॲडमिशनमधे एनआरआय जागांसारखं धरतात, भारतीय विद्यार्थ्यांसाठीच्या जागा त्यांना मिळत नाहीत. दहावीत कळून उपयोग नाही, आज कळलेलं बरं.

बायकोचं मन लागत नाही. घरात रोज काहीतरी होतं.

हा प्रश्न नवरे विचारतात आणि उत्तर बहुतेक वेळा त्यांच्यापाशीच असतं. तुम्ही तुमच्या घरी आलात, ती सासरी आली. तिकडे तिची गाडी होती, तिचं खातं होतं, भांडी तुम्ही घासत होतात. इथे आल्यावर तुम्ही ओट्याकडे फिरकत पण नाही कारण माय म्हणते "राहू दे, तू बस". तिला सकाळी दार वाजवून कोण येईल याचा भरवसा नाही, गाऊनवर बाहेर आलं तर बोलणी, झोपायला उशीर झाला तर बोलणी. एकत्र राहायचंच असेल तर दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून करा, जी कामं तुम्ही तिकडे करत होतात ती इथेही आईसमोर करा, आणि तिला स्कूटर घेऊन द्या. जमत असेल तर त्याच गावात वेगळं राहा, चालत जाता येईल इतक्या अंतरावर. लोक महिनाभर बोलतील, मग दुसऱ्या कोणावर बोलतील.

आईवडिलांसाठी आलो, पण त्यांच्याशीच खटके उडतात.

कारण त्यांनी तुमच्याशिवाय जगायची घडी बसवलीये. आबांची गोळी कुठल्या डब्यात, पेपर कोण आणतो, किती वाजता मोटर लावायची, सगळं ठरलेलं असतं आणि तुम्ही येऊन आरओ बदलता, टीव्ही बदलता, डॉक्टर बदलता. थोडं थांबा. एक मात्र लगेच करा, सगळ्यांचा हेल्थ इन्शुरन्स, आणि तोही निघायच्या आधीपासून बघा. तिकडचा कंपनीचा इन्शुरन्स नोकरीबरोबर संपतो, इथल्या पॉलिसीत साधारण पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या बीपी-शुगरसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कॅशलेसमधे जळगाव-धुळ्याचं कुठलं हॉस्पिटल आहे तेही बघा, नुसती मुंबईची यादी काय कामाची.

इथे नोकरी मिळेल का?

तिकडच्यासारखी, खरं सांगायचं तर नाही. जळगावला पाइप, ठिबक, डाळ मिल, चटई, सोनं, धुळे-शिरपूरला कापड आणि तेल, एमआयडीसीत अनुभवी माणसाला जागा असते पण पगार ऐकून गप्प बसाल. अंमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो उभी राहिली हे आपण अभिमानाने सांगतो, पण आयटीची नोकरी आजही पुण्यालाच जाऊन करावी लागते. तिकडचंच काम घरून करता येत असेल तर उत्तम, फक्त अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक आहे, रात्री एकपर्यंत मीटिंगा आणि सकाळी सहाला गल्लीत भोंगा. दोन कंपन्यांचं नेट आणि इन्व्हर्टर घ्याच. कंपनीला लेखी विचारा की भारतातून काम चालेल का, गुपचूप करू नका.

सामान काय आणू?

अमेरिकेतून विजेचं काही नको, तिकडे १२० व्होल्ट, इथे २३०, मिक्सर एका झटक्यात जातो. गल्फचं चालतं. वर्षाहून जास्त बाहेर राहिला असाल तर दागिने पुरुषाला २० ग्रॅम, बाईला ४० ग्रॅमपर्यंत ड्युटीशिवाय आणता येतात, अंगावर घालून जास्तीचं आणायची आयडिया सगळ्यांनाच सुचलेली असते आणि कस्टमवाल्यांनाही. तसंही सोनं घ्यायला जळगावच्या माणसाने दुबईहून आणायचं म्हणजे कमालच. मुलांची पुस्तकं आणि तिकडच्या शाळेचे दाखले, लसीकरणाचे कागद, नोकरीची पत्रं हे हातातल्या बॅगेत.

लायसन्स, आधार वगैरे?

लायसन्स संपून वर्ष उलटलं असेल तर टेस्ट पुन्हा. आधारवर आणि बँकेत जुना नंबर असेल तर पहिल्या आठवड्यात बदला, कारण यूपीआय बँकेतल्या चालू नंबराशिवाय अडतं आणि आता केळीच्या गाडीवाल्याकडे पण सुटे नसतात. पॅन-आधार लिंक करा. मतदार यादीत नाव नसेल तर फॉर्म ६.

भाऊकीच्या कार्यक्रमांना जायलाच पाहिजे का? दर आठवड्याला काहीतरी असतं.

सगळ्यांना नाही. साखरपुडा, वाढदिवस, गृहप्रवेश यातलं निम्मं सोडा. दारावर जाणं (कोणी वारलं की त्या घरी भेटायला जाणं) आणि कानबाई (खान्देशातल्या देवीचा सण) मात्र सोडू नका. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, नैवेद्याच्या रोटासाठी गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजतात, आणि तुम्ही तिकडे शिकागोत बर्फ उपसत होतात तेव्हाही तुमच्या नावाची मूठ कोणीतरी घालत होतंच. (बायकांच्या नावाची मूठ का नाही हा प्रश्न माझ्या मुलीने विचारलाय, उत्तर घरात कोणाकडेच नव्हतं.) तिथे दोन दिवस काढले की वर्षभराची तुटलेली बोलणी आपोआप सुरू होतात.

ट्रॅफिक, कचरा, लाच, हॉर्न. डोकं फिरतं.

फिरणारच. फक्त "आमच्या तिकडे असं नसतं" हे वाक्य महिन्यातून एकदाच वापरायचं असं ठरवून घ्या. तक्रार करायची तर नगरपालिकेत लेखी करा, पोच घ्या, आणि पाठपुरावा करा, तिकडून आलेल्या माणसाला चिकाटीने मेल लिहायची सवय असते ती इथे कामाला येते. हायवेवर मात्र तिकडची सवय सोडा, लेन कोणी पाळत नाही, रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे लाइट नसतो.

आणि नाहीच जमलं तर?

तर परत जा, त्यात हरणं-जिंकणं काही नाही. पण दार उघडं ठेवायचं असेल तर ते निघतानाच बघावं लागतं. ग्रीन कार्डवाल्याने सलग वर्षभराहून जास्त बाहेर राहायचं असेल तर निघायच्या आधी, अमेरिकेत असतानाच री-एन्ट्री परमिटचा अर्ज करावा, तो साधारण २ वर्षं चालतो. युएईचा साधा रेसिडेन्स व्हिसा सलग ६ महिने बाहेर राहिलं की जातो, गोल्डन व्हिसाला ती अट नाही. तिकडचं एक बँकखातं आणि फोन नंबर चालू ठेवा, ओटीपी त्याच्यावरच येतात. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचे (तिकडच्या सरकारी पेन्शनचे) ४० क्रेडिट व्हायला थोडेच बाकी असतील तर ते भरूनच निघा, भारत-अमेरिकेत त्याबद्दल करार नाही, त्यामुळे इथली नोकरी त्यात धरली जात नाही. आणि परत जायचं ठरलंच तर गावाला सांगायच्या आधी भाड्याच्या घराचं डिपॉझिट मागून घ्या.